आफ्रिकेचा धडा

आफ्रिकेचा धडा शिकवताना रंगनाथ मास्तरांना दरवर्षी रडू येई, आणि ते ठरलेल्या जागीच येई. महात्माजी तरुण वकील, अंगात सूट, खिशात पहिल्या वर्गाचं तिकीट. तेवढ्यात गोरा शिपाई डब्यात शिरतो, त्यांना हाताला धरतो आणि ऐन थंडीत रात्रीचं फलाटावर ढकलून देतो. "का? तर कातडी काळी!" इथे मास्तर उपरण्यानं डोळे टिपत, चष्मा पुसत आणि बाहेर ओटीवर बसलेल्या सहादेवला ऐकू जाईल अशा बेतानं पुढचं मोठ्यानं वाचत.

सहादेव ओटीवर बसे, कारण तो महारवाड्यातला होता. त्याची पाटी तपासायची तर तो ती उंबऱ्यावर ठेवून चार हात मागे सरके. मास्तर पाण्याचा शिंतोडा मारून मग ती उचलत. चुकला तर छडी आतून फेकावी लागे. मास्तरांचा नेम चांगला होता. फेकलेली छडी सहादेवच परत आणून उंबऱ्यावर ठेवी, तिच्यावरही शिंतोडा मारला जाई, आणि शिक्षणाचा गाडा पुढे चाले.

मास्तर वाईट नव्हते. सावळखेड्याच्या शाळेत महारवाड्यातलं पोर चौथीपर्यंत टिकलं ते त्यांच्यामुळेच, असं ते स्वतःही सांगत. पोरगं हुशार होतं. चौथी पास झालं की नगरच्या एका बोर्डिंगात त्याला जागा मिळणार होती; तसं मास्तरांनी त्याच्या बापाला, कानिफनाथाला, शब्द देऊन सांगितलं होतं. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी होती. शाळा कमिटीचे मुख्य आप्पासाहेब पाटील यांची मात्र एक अट होती.

"ओटीवर हाय तवर हाय," ते म्हणाले होते. "कायी वावगं झालं की नाव कमी. मग तुमी मला शब्द लावू नका."

नगरच्या किल्ल्यातले पुढारी सुटून दीड वर्ष होत आलं होतं. आप्पासाहेबांनी बेचाळीस सालीच खादीची टोपी घातली होती आणि आता ती चांगली बसू लागली होती. अशात चांदभाई टांगेवाल्यानं पुणतांब्याहून निरोप आणला की दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार आहेत, आणि मुलांनी महात्माजींच्या आफ्रिकेतल्या लढ्यावर काहीतरी करून दाखवावं अशी त्यांची इच्छा आहे.

मास्तरांनी लगेच नाटक बसवायला घेतलं. मुख्य काम अर्थातच पाटलांच्या श्रीमंतला. गोऱ्या शिपायाचं काम त्याच्याच वर्गातल्या आसारामला. पहिल्याच तालमीत आसारामनं श्रीमंतच्या दंडाला धरून त्याला असा बाहेर काढला की श्रीमंत थेट घरी गेला आणि पाठोपाठ आप्पासाहेब शाळेत आले.

"मास्तर, माझ्या पोराला गचांडी द्यायचं नाटक बसवलंय म्हनं?"

"पाटील, ते महात्माजींचं काम आहे. मुख्य काम."

"मुख्य असंल. पन गचांडी खानारं मुख्य हाय. श्रीमंत गोरा साहेब व्हईल. सीटवर बसंल, सिग्रेट वढंल."

"मग महात्माजी कोण?"

तो प्रश्न गावात दोन दिवस फिरला. महात्माजींच्या नावानं उपास करणारी माणसं होती, प्रभातफेरीला घसा बसवणारी होती. पण आपलं पोर चारचौघांत गाडीतून ढकललं जावं, याला कुणाचा बाप तयार होईना. शेवटी आप्पासाहेबांची नजर ओटीवर गेली आणि तिथंच थांबली.

"ह्यो हाय की," ते म्हणाले. "ह्येला भाईर काढायला कुनाची ना न्हाई."

अडचण पुढे आली. बाहेर काढायचा तर आधी आत घ्यायला हवा. त्यावर मास्तरांना युक्ती सुचली : ओटी हाच आगगाडीचा डबा, खालचं अंगण हा फलाट. सहादेव आपल्या रोजच्याच जागी बसेल. फक्त त्या दिवशी ती जागा पहिला वर्ग असेल. श्रीमंत दुसऱ्या टोकाला खुर्चीवर. मग आसारामनं विचारलं, "गुर्जी, मी ह्येला धरायचं कसं?"

 ह्याचा विचार कुणी केला नव्हता.

"धरायचं कशाला?" आप्पासाहेब म्हणाले. "चांदभाईला सांगून ठेसनावरचा झेंडा मागवा. झेंड्याच्या काठीनं ढोसायचं. काठीला इटाळ न्हाई."

चांदभाईनं जुना झेंडा आणला आणि कुणीतरी टाकून दिलेलं पुठ्ठ्याचं तिकीटही आणलं. ते मास्तरांनी उंबऱ्यावर ठेवलं. सहादेवनं ते उचलून दोन्ही बाजूंनी वाचलं.

"गुर्जी, पन धड्यात तर हाताला धरलंय."

"नाटकात काठी आहे."

"काठीनं ते उतरले असते का?"

हा प्रश्न मास्तरांना फार आवडला. असा प्रश्न आतल्या एकाही मुलानं विचारला नव्हता. "अरे, ते आपणहून उतरलेच नाहीत! हाताला धरून काढलं तेव्हाच निघाले. त्यातच तर त्यांचं मोठेपण आहे." एवढं बोलून ते समाधानानं आत गेले. छान समजावलं, असं त्यांना वाटलं.

तपासणीच्या दिवशी चांदभाईच्या टांग्यातून दिपोटी आले. टांग्यात जागा होती, तरी साहेबांची ट्रंक कानिफनाथाच्या डोक्यावर होती आणि तो घोड्याच्या पुढे पळत आला होता. तशी रीत होती. ट्रंक उतरवून तो अंगणाच्या कडेला बोरीखाली, घाम पुसत, पोराचं नाटक बघायला उभा राहिला.

श्रीमंतनं खडूची सिगारेट ओढली. "ये काले! भाईर निकल!"

सहादेव उठून उभा राहिला. बापाचा धुतलेला सदरा गुडघ्यापर्यंत आला होता. "माझ्याकडे पहिल्या वर्गाचं तिकीट आहे. मी उतरणार नाही."

आसारामनं काठीनं ढोसलं. सहादेव हलला नाही. आसारामनं पुन्हा, जरा जोरानं ढोसलं. सहादेव एक पाऊल मागे गेला, पुन्हा जागेवर आला आणि त्यानं उजवा हात पुढे केला.

"धर," तो म्हणाला.

आसारामनं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी आप्पासाहेबांकडे, आप्पासाहेबांनी टोपीला हात लावला.

दिपोटी पुण्याकडचे होते, सहादेव महारवाड्यातला हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, शिपाई झालेलं पोरगं लाजलं. "अरे धर की हात! घाबरतोस काय? नाटक आहे!"

 बोरीखालून कानिफनाथ हळूच म्हणाला, "उतर की रं बाबा." सहादेव हात तसाच पुढे धरून उभा. आसारामच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं काठी खाली टाकली. कुणाला काही सुचेना तेव्हा चांदभाईनं दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली.

"गाडी सुटली!" दिपोटी हसून टाळ्या वाजवत म्हणाले. "यांनी तर महात्माजींना गाडीतच ठेवलं! मास्तर, ही कल्पना तुमची?"

मास्तर हसले. हो म्हणाले की नाही, ते त्यांना पुढेही नीट आठवत नसे.

पाटलांकडे जेवून दिपोटी परत गेले, पुढे ट्रंक घेऊन कानिफनाथ गेला. तो गावात नसताना संध्याकाळी चौघांनी सहादेवला ओढ्याकाठी गाठलं. त्यांनी त्याला कुठेही हात लावला नाही. काठ्या होत्या.

सकाळी मास्तर शाळेत आले तर आप्पासाहेब आत खुर्चीवर बसलेले, आणि सहादेव ओटीवर, नेहमीच्या जागी. एक डोळा मिटलेला होता. सदरा पाठीला चिकटून तिथंच वाळला होता.

"ह्येचं नाव कमी," आप्पासाहेब म्हणाले. "आनि आत्ताच्या आत्ता खाली उतरला पायजे. न्हाई तर समद्या महारवाड्याचं औंदाचं बलुतं बंद. खळ्यावर कुनी झोळी घिऊन यायचं न्हाई."

मास्तर दारात आले. "सहादेव, घरी जा बाळ."

"न्हाई गुर्जी."

"अरे, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. परीक्षेचं मी पुढे बघतो."

"पुढं कवा?"

 सहादेवनं मूठ उघडली. पुठ्ठ्याचं तिकीट घामानं मऊ झालं होतं.

"मी आपनहून उतरत न्हाई गुर्जी," तो म्हणाला. आवाजात हट्ट नव्हता. धडा म्हणून दाखवावा तसं तो बोलला. "हाताला धरून काढा. मग जातो."

आतून खुर्ची करकरली. "आसाराम, ती काठी आन रं."

काठी कोपऱ्यात होती. झेंडा अजून तिला गुंडाळलेला होता. आसाराम उठला, बसला, पुन्हा उठला. मास्तरांनी सहादेवच्या पाठीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि उंबरा ओलांडला.

पोराला दुसरी काठी बसू नये म्हणून आपण हात धरला, असं त्यांनी नंतर बायकोला, पुष्पावतीबाईंना, सांगितलं. ते खरंही असेल. चार वर्षं त्यांनी ह्या हाताला मुळाक्षरं शिकवली होती, गुणाकार शिकवले होते, त्याचं अक्षर वळणदार केलं होतं. तो किती लहान आहे हे त्यांना आत्ता कळलं. हात तापानं कढत होता. त्यांनी नुसता धरला. ओढावं लागलं नाही. सहादेव लगेच उठला, मास्तरांच्या बरोबरीनं पायऱ्या उतरला आणि अंगणात आल्यावर त्यानंच आपला हात सोडवून घेतला. तिकीट खाली पडलं. ते त्यानं उचललं नाही. बोरीखालून वळून तो महारवाड्याच्या वाटेला लागला.

 सगळी मुलं मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो त्यांनी अंगापासून जरा लांब धरला होता.

"गुर्जी," श्रीमंत आतून म्हणाला, "आता आत येताय?"

मास्तर आत गेले नाहीत. घरी आले. वाटेत भेटणारे बाजूला सरून उभे राहत होते. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पुष्पावतीबाईंनी दाराबाहेर पाण्याची बादली आणि धुतलेलं धोतर काढून ठेवलं होतं.  मास्तर बादलीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला आणि अंगावर पहिला तांब्या घेतला.