सात नंबरची कोण?

आमच्या फुटबॉल टीमच्या शर्टांवर नावं नव्हती. नंबर होते, पण तेही कुणाच्या मालकीचे नव्हते. सामन्याआधी मामा धुतलेल्या शर्टांचं गाठोडं बाकावर सोडायचा आणि आम्ही पोरींनी बाकाकडे पाठ करून, हात मागे घालून, हाती लागेल तो शर्ट ओढायचा. गेल्या सामन्यात तीन नंबर घातलेली या सामन्यात अकरा. गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा, म्हणून ती एकटी सुटली होती. मैदानावर हाकासुद्धा जागेच्या नावाने. "डावी, मागे ये!" "मधली, झोप लागली का?" अकरा जणी खेळतात तेव्हा टीम असते, मामा म्हणायचा, एकीला जरी वाटलं की मी खेळतेय, तर संपलंच म्हणून समजा.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आणि टीमचा कोच. बाकीच्या पोरी त्याला सर म्हणायच्या. आई गेली, वडिलांनी दुसरा संसार मांडला, तेव्हा मामाने मला बोटाला धरून आपल्या घरी आणलं. मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीखाली चेंडू मारायला त्यानेच शिकवलं. त्याचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. शर्टांच्या बाबतीत तर मी राजापेक्षा राजनिष्ठ होते.

त्याला माझी नोकरीही कारण होती. खेळाचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी शर्टांवर नावं छापते. रबरी कागदातून अक्षरं कापायची, कापडावर सरळ मांडायची, वरून तापलेला प्रेस दाबायचा, निवलं की वरचं प्लास्टिक सोलायचं. दिवसभर लोकांच्या पाठीवर त्यांची नावं चिकटवली की माणसाबद्दल फारसा आदर उरत नाही. एकाने नंबरापेक्षा नाव मोठं करून घेतलं होतं. तो राखीव खेळाडू, कायम बसलेला, म्हणजे ते नाव खुर्चीच्या पाठीलाच दिसायचं. दुसरा एक जण अक्षर केसभर तिरकं गेलं म्हणून भांडायला आला, त्यामुळे म्हणे त्याला पळता येत नव्हतं. त्याचं पोट बघून मी गप्प बसले.

म्हणून एका रंगाच्या दुकानदाराने आम्हाला नवे शर्ट फुकट द्यायची तयारी दाखवली, तेही नावासकट, तेव्हा सगळ्यात मोठ्याने "नको" म्हणणारी मीच होते. टाचणी माझ्याशी भांडली. टाचणी म्हणजे आमची उजवी, माझी मैत्रीण. अंगाने बारीक, आणि हे टोपणनाव इतकं चिकटलेलं की तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

"माझ्या आईला लांबचं नीट दिसत नाही," ती म्हणाली. "दर वेळी माझा नंबर वेगळा. मी कोणती ते तिला कळतच नाही. कुणीही पळालं की टाळ्या पिटते बिचारी."

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. "सगळ्यांच्या वाट्याला येतात."

पोरी खो खो हसल्या. मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मला मूठभर मांस चढलं. हात वर करून मत घेतलं आणि टाचणी हरली. शर्ट आले ते नुसत्या नंबरांचे.

त्यानंतरच्याच एका सामन्यात माझ्या हाती सात नंबर लागला. मी मधली. चेंडू मिळाला तशी उजव्या कोपऱ्याकडे पळाले, दोघींना चुकवलं, तिसरी आडवी आली तिच्या पायांमधून चेंडू काढला आणि इतक्या अरुंद जागेतून मारला की आमचीच गोलकीपर नंतर विचारत होती, पास द्यायला गेलीस का गं? पास नव्हता तो. असा गोल आयुष्यात एकदा होतो आणि तो होताना कळतं. शेवटच्या शिट्टीनंतर खोलीच्या पायऱ्या चढताना माझा घोटा मुरगळला, मला उचलून आत नेलं, शर्ट गाठोड्यात गेला. मामाने माझ्या पायाला बर्फ लावला. "छान खेळली टीम," एवढंच तो म्हणाला. मग त्याला कुणीतरी बाहेर बोलावलं म्हणून गेला. खोटं कशाला बोलू, मला अजून एखादा शब्द हवा होता, पण मी मागितला नाही.

पाय बरा झाल्यावर एका शुक्रवारी दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. हातात घडी घातलेला निळा शर्ट. मोठ्या क्लबचा, ज्याचे सामने टीव्हीवर दाखवतात.

"सात नंबर आहेच, त्यावर हे नाव टाका," त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "नवी मुलगी घेतलीय तुमच्या इथली. उद्या तिचा फोटो, सोमवारी करार."

नाव वाचून क्षणभर मला कळेना ही कोण. मग एकदम उजेड पडला.

"अगं बाई, ही तर आमची टाचणी!" मी जवळजवळ ओरडलेच. देवाशपथ सांगते, त्या घडीला मला आनंदच झाला होता.

"तुम्हीही त्याच टीमच्या? मग तो गोल पाहिला असेल तुम्ही," ते म्हणाले. "मी वरच्या पायऱ्यांवर होतो, चेहरा कुठला दिसतोय. पण सात नंबरने उजवीकडून तिघींना चुकवलं, शेवटचीच्या तर पायांमधून चेंडू काढला. त्या एका गोलासाठी आम्ही तिला उचलली."

माझ्या हातात तिच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. ते मी खाली ठेवलं.

"साहेब, तो गोल माझा आहे."

ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "असेलही," ते सावकाश म्हणाले. "पण मी सामना संपल्यावर तुमच्या कोचना विचारलं होतं, सात नंबरची कोण? त्यांनी या मुलीला पुढे केलं. शर्टांवर नावं असती तर विचारायची वेळच आली नसती. आम्ही तिला दोन दिवस खेळवून पाहिली. चांगली आहे. तसा गोल काही अजून दिसला नाही, पण दिसेल." मग ते म्हणाले, "जागा एकच आहे. सोमवारच्या आत कोचनी फोन करून चूक झाली म्हणून सांगितलं, तर तुम्हालाही खेळवून बघतो. पण ते त्यांनीच सांगायला हवं. नाहीतर काय, उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, गोल माझा."

मी टाचणीचं नाव छापलं. अक्षरं सरळ आली. पगार त्याचाच मिळतो.

चूक झाली असणार, अशीच मी स्वतःची समजूत घातली. तो गोंधळ, माझा पाय, कुणी काय विचारलं आणि मामाने काय ऐकलं कुणास ठाऊक. माझा सगळा राग टाचणीवर होता. दुकान सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले.

"माझा गोल आपल्या नावावर खपवलास?" मी दारातच सुरू केलं. "लाज नाही वाटली?"

ती बघतच राहिली. "पण तूच नाही म्हणालीस ना?"

"कशाला नाही म्हणाले?"

"जायला. सर म्हणाले, त्यांनी आधी तुलाच विचारलं. तुला घर सोडून जायचं नाही. तू नाही म्हणालीस म्हणून त्यांनी मला पुढे केलं. आणि म्हणाले, तिच्यासमोर विषय काढू नकोस, उगाच जीव कासावीस होईल तिचा." बोलता बोलता तिचा चेहरा उतरत गेला. "साहेबांनी मला विचारलं, गोल तूच मारलास ना? मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग मी हो म्हटलं."

आतून तिच्या आईने विचारलं, कोण आलंय गं?

"सरांनी सांगितलं तर मी मागे होईन," टाचणी हळूच म्हणाली. "खरंच होईन. पण त्यांनी सांगू दे."

घरी मामा टेबलाशी बसून बुटांत नव्या नाड्या ओवत होता. मामी ओट्याशी भांडी घासत होती.

"मामा, क्लबच्या साहेबांना फोन कर. सात नंबर मी होते."

त्याचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे," तो म्हणाला.

रस्ताभर मी त्याची बाजू घेत आले होते. टाचणी खोटं बोलत असेल, तिने उलटसुलट ऐकलं असेल, काहीही असेल, पण मामा तसा नाही.

"उजवी गेली तर दुसरी उजवी मिळते," तो म्हणाला. "तू गेलीस तर टीम बसते. यंदा आपण वरच्या गटात जातोय गं. किती वर्षं थांबलोय मी त्यासाठी, तुला ठाऊक आहे."

"मग मला विचारायचंस."

"तू घरची. घरच्या माणसाला काय विचारायचं?"

मामीने नळ बंद केला. ती वळली मात्र नाही.

"आणि मी नाही म्हणाले, असं टाचणीला का सांगितलंस?"

"नाहीतर ती गेली नसती," तो म्हणाला. किती सरळ आवाजात. चेंडू कुणाकडे द्यायचा ते सांगावं तसं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मी म्हटलं, "आत्ता फोन कर."

"उद्या त्या पोरीचा फोटो आहे. आता तिच्या तोंडचा घास काढू?"

"माझ्या तोंडचा काढलास तेव्हा नाही सुचलं हे?"

तो पहिल्यांदाच वर बघून गोड हसला. लहानपणी मी रुसले की हसायचा, तसाच. "बरं, ऐक. पुढच्या हंगामापासून शर्टांवर नावं टाकू. रंगवाल्या दुकानदाराला मी सांगतो. सगळ्यात आधी तुझं. सात नंबर कायमचा तुझा. मग तर झालं?"

ज्या नियमापायी मी मैत्रिणीचं म्हणणं चारचौघींत हसण्यावारी नेलं, तो नियम त्याने रडणाऱ्या पोरीच्या हातावर गोळी ठेवावी तसा माझ्यापुढे टाकला. मला कळून चुकलं की त्याचा त्यावर माझ्याइतका विश्वास कधीच नव्हता. त्याची सोय होती ती. आणि मी, मूर्ख, मान ताठ करून त्या सोयीची राखण करत होते.

"शर्टावर नको होतं मला नाव," मी म्हटलं. "त्या माणसाने विचारलं, सात नंबरची कोण? तेव्हा तू ते घ्यायला हवं होतंस. एकदा."

त्याने नाडीची गाठ मारली, बूट शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाला, "रविवारी बस लवकर निघणार आहे. बॅग आदल्या दिवशीच भरून ठेव."

"मी येणार नाही."

"येशील गं," तो म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला.

त्याने फोन केला नाही. शनिवारी टाचणीचा फोटो निघाला.

रविवारी सकाळी त्याने माझं दार वाजवलं. मी जागी होते. त्याने पुन्हा वाजवलं, मग माझ्या नावाने हाक मारली, आधी नेहमीसारखी, मग चढ्या आवाजात, मग अगदी हळू. बाहेर बस उभी होती. पोरींचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी खिडकीतून माझ्या नावाने ओरडत होतं. मामी पॅसेजमध्ये त्याला म्हणाली, "जा तुम्ही, नाही यायची ती." पावलं गेली, दार लागलं, बस सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली.

मी त्याला धडा शिकवला, असं पुढे पुष्कळांना वाटलं. कसला डोंबलाचा धडा. मी उशीत तोंड खुपसून हुंदके देऊन रडत होते, कारण मला खेळायचं होतं.