चौथ्या ओळीवरची सही

सोमवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना मी क्लीव्ह पिनकचा नगरसेवकपदाचा उमेदवारी अर्ज नगरभवनातल्या निवडणूक कक्षात टेबलावर ठेवला. मुदत दुपारी बारापर्यंत होती. अर्जावर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागत आणि मी दहा घेतल्या होत्या. अकरावी घ्यावी असं माझ्या मनातही आलं नाही. बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. एकाच नमुन्यावर विसंबून कधी अहवाल दिला नाही.

टेबलामागची बाई मतदारयादीवर पट्टी ठेवून एकेक क्रमांक जुळवत होती. चौथ्या ओळीवर पट्टी थांबली.

"ऑर्मरॉड, विनिफ्रेड," ती म्हणाली. "यांची सही शुक्रवारी आलेल्या दुसऱ्या अर्जावर आहे. जागा एक, म्हणून सहीही एकच धरतात. आधी आलेल्या अर्जावरची."

विनिफ्रेड ऑर्मरॉड ही माझी आई.

बाईने अर्ज अजून दाखल करून घेतला नव्हता. ती ओळ खोडून दुसऱ्या मतदाराची सही आणली तर चालेल, असं ती म्हणाली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. अकरा वाजून चार मिनिटं.

बाहेर बाकावर डेझमंड थ्रेलफॉल कागदी पेल्यातून चहा पीत बसला होता. बावीस वर्षं तो आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. त्याचं काम शुक्रवारीच आटोपलं होतं, तरी तो आला होता. "काही अडलं का, पोरी?" त्याने विचारलं. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

बाहेर थांबलेल्या क्लीव्हने गाडी काढली. एकोणतीस वर्षं त्याने या शहरात बस चालवली होती, त्यामुळे कुठला सिग्नल किती वेळ खातो ते त्याला पाठ होतं. दोन सिग्नल त्याने हिरवे असतानाच गाठले. मग म्हणाला, "तुझी सख्खी आई, ग्लेनिस?" मी हो म्हटलं.

माझी स्वतःची सही उपयोगाची नव्हती. वॉर्डाची हद्द कॉबडेन ब्रो रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेषेवरून जाते आणि माझं घर पलीकडच्या बाजूला आहे. क्लीव्हची आणि त्याच्या बायकोची सही अर्जावर आधीच होती. उरलेल्या आठ सह्यांना मला दोन शनिवार आणि त्रेसष्ट दारं लागली होती. काहींनी दार उघडलं नाही. काहींनी उघडून सांगितलं की थ्रेलफॉलला कळलं तर आमच्या ओल्या भिंतीचं काम कोण करून देणार. एकाने पत्रक माझ्यासमोर फाडून माझ्याच हातात दिलं. आता सोमवारी सकाळी निम्मा वॉर्ड कामावर होता, आणि घरी असलेल्यांनी मला एकदा हाकललं होतं.

एल्डन कोर्ट ही म्हाताऱ्यांसाठी पालिकेने बांधलेली इमारत. आई पहिल्या मजल्यावर राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि डोळ्यांनी तिला कडेकडेचंच दिसतं. मध्ये डाग आहे. टेबलावर कस्टर्ड टार्ट या गोड पेस्ट्रीचा रिकामा खोका होता, थ्रेलफॉल नेहमी आणतो तो.

"थ्रेलफॉलच्या अर्जावर सही केलीस?"

"केली."

"आणि माझ्याही."

"तू कागद पुढे सरकवलास, माझं बोट ओळीवर टेकवलंस आणि 'इथे, आई' म्हणालीस. टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाहीस. डेझमंडने खुर्ची ओढली आणि पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही हे त्याच्या ध्यानात असतं."

मी विषय बदलला. मॉर्टन स्ट्रीटचा पोहण्याचा तलाव बंद करायच्या ठरावाला त्याने हात वर केला, हे तिला सांगितलं. तिनेच मला तिथे पोहायला शिकवलं होतं.

"पाणी गारच असायचं," आई म्हणाली. मग दाराकडे मान वाकडी करून तिने डोळ्याच्या कडेने क्लीव्हला न्याहाळलं. "आणि हा. याने मला एकदा थांब्यावर उभं ठेवून बस पुढे नेली होती. पावसात."

"नेलीही असेल," क्लीव्ह म्हणाला. "तुम्ही हात दाखवायच्या ते बस चौक ओलांडून गेल्यावर."

"तुला आरशात दिसत होते मी."

"दिसत होतात, बाई. म्हणून तर सांगतोय."

अकरा एकवीस. मी आईसमोर गुडघ्यावर बसले आणि न भांडता, एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. थ्रेलफॉलविरुद्ध दुसरं कोणी उभं नाही. बाराच्या आत क्लीव्हचा अर्ज पूर्ण झाला नाही तर रिंगणात एकच नाव राहील.

"मग?"

"मग मतदान होणार नाही. तो बसल्या जागी निवडून आला."

"मतदान नाही म्हणजे? चर्चच्या हॉलातलं केंद्र?"

"उघडणारच नाही."

आई एकवीस वर्षांची झाल्यापासून तिचं एकही मतदान चुकलेलं नाही. टपालाने मत द्यायला तिने दोनदा नकार दिला आहे. त्या दिवशी ती राखाडी हॅट घालते आणि दार उघडायच्या आधी हॉलबाहेर उभी असते. थोडा वेळ ती टार्टच्या खोक्यावर बोट फिरवत राहिली.

"हे डेझमंडने वाचून नाही दाखवलं," ती म्हणाली.

मग इमारतीत कोण उरलंय ते तीच मोजू लागली. एखादा बाद झाला तर म्हणून थ्रेलफॉलने एक नव्हे, चार अर्ज भरले होते. प्रत्येकावर दहा सह्या. मजल्यामागून मजला त्याने गोळा केला होता, आणि कुठलं दार वाजवायचं ते आईनेच त्याला सांगितलं होतं. एक दार तिने मुद्दाम गाळलं होतं. समोरचं.

समोर आयव्ही शटलवर्थ राहते. अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी तिने खालच्या धुण्याच्या खोलीतल्या मशीनमधून आईच्या ओल्या चादरी काढून फरशीवर ठेवल्या. आईच्या मते तिची वेळ संपायला अजून चार मिनिटं होती. तेव्हापासून दोघींमध्ये शब्द नाही.

शटलवर्थबाईंनी साखळी न काढता दार उघडलं. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाल्या, "तुझ्या आईला म्हणावं, स्वतः विचार."

आई तिच्या दारात वॉकर धरून उभी होती. पाच पावलांचा बोळ. वॉकर तिने उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. क्लीव्ह मदतीला हात पुढे करणार होता. मी त्याला थांबवलं.

"सही कर, आयव्ही," आई दाराच्या फटीला म्हणाली. "मला या बसवाल्याच्या विरोधात मत द्यायचंय."

क्लीव्ह त्या दिवशी पहिल्यांदा हसला. शटलवर्थबाई हसल्या नाहीत.

"मंगळवार," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी दहा ते अकरा ही इमारतीतली धुण्याची सगळ्यात चांगली वेळ. मशीन नुकतं गरम झालेलं असतं आणि मागच्या अंगणात दुपारपर्यंत ऊन टिकतं. सतरा वर्षं ती वेळ आईची होती. अकरा पस्तीस झाले. मी घड्याळावर बाही ओढली. घाई केली असती तर ती परत फिरली असती.

"घे मंगळवार," आई म्हणाली. "पण ओल्या चादरीला हात लावायचा नाही. कोणाच्याही."

साखळी निघाली. चौथी ओळ मी खोडली आणि कागद शटलवर्थबाईंपुढे धरून दहाव्या सहीखालची रिकामी ओळ दाखवली. या वेळी मात्र वरपासून सगळं वाचून दाखवलं: नाव, पत्ता, वॉर्ड, कशासाठी सही. त्यांनी मध्येच अडवलं. "कळलं गं, मी काय आंधळी आहे?" आईने ते ऐकलं आणि गिळलं. सहीला पाऊण मिनिट लागलं.

अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी पट्टी नव्या ओळीवर थांबली. टेबलामागच्या बाईने क्रमांक दोनदा जुळवला. "चालेल," ती म्हणाली आणि शिक्का मारला.

थ्रेलफॉल बाकावरून उठला होता. पेला चुरगळून त्याने टोपलीत टाकला.

"आईला सांग, शुक्रवारी येतो," तो म्हणाला.

"या," मी म्हटलं. "वाचायला काहीतरी आणा. यावेळी पूर्ण."

पाच मेला सकाळी सात वाजता चर्चच्या हॉलचं दार उघडलं तेव्हा आई राखाडी हॅट घालून पहिली उभी होती. तिला दिसत नाही, म्हणून तिच्याबरोबर मतदानाच्या आडोशात जायला मला परवानगी मिळाली. त्याआधी मला एका कागदावर सही करावी लागली. तो मी पूर्ण वाचला. मतदार सांगेल तिथेच फुली करायची, आणि काय केलं ते कोणालाही सांगायचं नाही.

आडोशात मी मतपत्रिका फळीवर सपाट केली आणि नावांकडे बोट नेलं.

"वरपासून," आई म्हणाली.

मी वरपासून वाचलं. वॉर्डाचं नाव, सूचना, मग आधी पिनक, कारण नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने येतात. मग थ्रेलफॉल. आईने एक नाव सांगितलं. मी दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली आणि थोडी थांबले असेन, कारण ती म्हणाली, "फुली चौकटीतच कर. बाहेर गेली तर मोजत नाहीत."

क्लीव्ह दोनशे सहा मतांनी पडला. त्यातलं एक कुठे गेलं ते मला माहीत आहे.