सातीचं मागणं

पठारावरच्या आमच्या बान्यूकेबुल गावात कुणी कुणाला आपलं स्वप्न सांगत नाही. सांगून उपयोग नसतो. ऐकणारा म्हणतो, "हे तर काल सकाळी मी दारातून पाहिलं." ढग बटाट्याच्या वाफ्यांतून चालत येतो, स्वयंपाकघरात शिरतो, चुलीभोवती बसलेल्यांतलं एखादं माणूस दिसेनासं करतो आणि मागच्या दारानं निघून जातो. खालून ज्वालामुखीच्या विवराची वाफ येते, वरून धुकं उतरतं आणि दोन्हींची गाठ पडते तिथं माझं स्नानघर आहे. म्हणजे आहे गावाचंच. पण बायकांच्या बाजूची किल्ली वीस वर्षं माझ्या कमरेला आहे, तेव्हा माझं म्हटलं तर कुणी भांडायला येत नाही.

माझं नाव पारिनेम. गरम कुंडाच्या काठावर बसून मी बायकांच्या पाठी घासते. वाफेत चेहरे दिसत नाहीत, म्हणून बायका तिथं खरं बोलतात. कुणाच्या पोटात काय आहे ते मला सगळ्या गावाच्या आधी कळतं. माझ्या पोटात काय होतं ते मात्र वर्षभर कुणालाही कळलं नाही. याचा मला आधी अभिमान वाटायचा, मग लाज वाटायला लागली.

साती ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वार्सिती, म्हणजे माझी बहीण, तैवानला एका म्हाताऱ्याची सेवा करायला गेली तेव्हा साती दीड वर्षाची होती. बाप त्याआधीच कालिमांतान बेटावरच्या मळ्यांत कामाला गेला आणि तिथं दुसरा संसार थाटून बसला. त्याच्याविषयी जास्त बोलून तोंड कशाला विटाळू? माझा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. साती माझ्या पाठीवर, कमरेला गुंडाळायच्या सारोंगच्या झोळीत वाढली. मला ती बुधे म्हणते, आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

ती तीन वर्षांची असताना तिला ताप आला. चार दिवस अंगाला हात लावू देत नव्हती. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण केसांत जो गुंता झाला तो काही सुटेना. मी खोबरेल थापलं, एक फणी मोडली. शेजारची सुमार्नी डोकावली आणि म्हणाली, "कशाला जीव काढतेस पोरीचा? जटा आहेत त्या. पठारानं आपलं म्हटलंय तिला."

मग काय विचारता, घरात राणीच आली. जटेच्या पोराला आमच्याकडं कुणी रागवत नाही. जटा कापायच्या त्या पोरानं स्वतः म्हटल्यावरच, आणि त्या वेळी ते जे मागेल ते द्यायचं. कुणी बकरा मागतं, कुणी लाल छत्री. सुमार्नीच्या भाच्यानं शाळेच्या हेडमास्तरांचं पादणं मागितलं होतं. बिचारे सकाळपासून उकडलेली रताळी खात बसले, सगळा गाव अंगणात कान देऊन बसला, आणि दुपारच्या नमाजाच्या जरा आधी एकदाचं जमलं. मागितलेलं दिलं नाही तर ताप येतो आणि कापलेल्या जटाही परत येतात. शिवाय डोक्यावर जटा असेतो पोराला पठाराखाली राहायला नेत नाहीत. नेलं तर ते जगत नाही म्हणतात. खरंखोटं पाहायला अजून कुणी गेलेलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडीचे, कोरडे दिवस होते. दुपारी कुंडात आम्ही दोघीच होतो. वाफ इतकी दाट की सातीचं डोकं तेवढं पाण्यावर दिसत होतं, बाकी साती कुठंतरी दुसरीकडंच असावी. ती डोळे मिटून म्हणाली, "बुधे, माझे केस काप आता. आणि मला एक पांढरं बदक दे. ते इथं माझ्याबरोबर पोहेल."

बदक! पोरीनं समुद्र मागितला असता तर मी गावभर सांगत फिरले असते, बघा बायांनो, समुद्र मागितलाय, आता आणू कुठून, राहू द्या जटा. पण बदक खालच्या बाजारात दर पाचव्या दिवशी मिळतं. कोंबडीपेक्षा जरा महाग, एवढंच. आणि वार्सिती दर फोनला सांगायची, "म्बाक, जटा उतरल्या की कळव. मी येते आणि तिला खाली सेमारांग शहरात राहायला घेऊन जाते." म्बाक म्हणजे मी, तिची ताई. ताईनं काय केलं, तर पोरीच्या ओठांवर ओलं बोट ठेवलं.

"गप. आत्ता नको. जटा गेल्या की तुलाही जावं लागेल."

"बदक नको मागू?"

"काहीच नको मागू. कुणाजवळ बोलायचंही नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग पाण्याखाली गेली आणि बुडबुडे सोडायला लागली. मी ते बुडबुडे म्हणजे होकार धरला.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला धड सांगता येणार नाही. इतकं गोड वर्ष माझ्या वाट्याला आधी आलं नव्हतं. सकाळी दंवानं बटाट्याची पानं पांढरी पडायची, शेतकरी डोक्याला हात लावायचे, आणि साती त्या पांढऱ्यातून अनवाणी पळत यायची. आम्ही विवराच्या कडेला पिशवीत अंडी घालून उकडायला सोडायचो आणि जमिनीच्या पोटातली गुरगुर ऐकत बसायचो. ती विचारायची, "बुधे, खाली कोण आहे?" मी म्हणायची, "तुझा आजा भात शिजवतोय." कधी कधी ढगात आम्ही एकमेकींना दिसायचो नाही, नुसता हात हातात असायचा. तेव्हा मला वाटायचं, हे असंच राहील. चोरून आणलेलं साखरेपेक्षा गोड लागतं, ते उगाच नाही म्हणत.

यंदा वार्सिती फोनची वाट न बघता येऊन उभी राहिली. गुलाबी जाकीट, मोठी बॅग, आणि बोलणं इतकं भरभर की चुलीपाशी बसलेल्यांना दमायला झालं. साती माझ्या सारोंगमागं लपली. वार्सितीनं हात पुढं केला तो तसाच राहिला. मग तिनं तो निखाऱ्यांवर धरला, जणू शेकायलाच काढला होता.

तेव्हापासून रोज एकच.

"साती, काय हवं गं तुला? सायकल?"

"नाही."

"बाहुली? डोळे मिटणारी?"

"नको."

"अगं, काहीतरी असेल की!"

"काही नाही."

वार्सिती माझ्याकडं वळायची. "म्बाक, ही अशी कशी? गावातली पोरं चंद्र मागतात आणि हिला काहीच नको?"

"असतात एखाद्या पोरी समाधानी," मी म्हणायची आणि फुंकणीनं जाळ वाढवायची. चोराच्या मनात चांदणं. सातीच्या प्रत्येक 'नाही'ला मी मनात तिची अलाबला घ्यायची, आणि तोंड मात्र असं करायची की मलाही फार काळजी वाटतेय.

सोळाव्या दिवशी सातीला ताप आला. पहिल्या दिवशी मी म्हटलं, वारं लागलं असेल. दवाखान्याच्या नर्सनं गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर तापात बडबडायला लागली. वार्सिती तिच्या कपाळावर फडकं ठेवत होती, मी पायाशी होते. साती डोळे न उघडता म्हणाली, "मी नाही सांगितलं बुधे. कुण्णाला नाही सांगितलं."

वार्सितीचा हात थांबला. "काय नाही सांगितलं?"

खिडकीतून ढग आत आला होता. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, आणि तेवढ्याच आधारावर मी बोलले. वाफेतल्या बायका बोलतात तशी. बदक सांगितलं, ओठांवरचं बोट सांगितलं, वर्ष सांगितलं. मागितलेलं दिलं नाही म्हणून हा ताप, माझ्यामुळं आलेला, तेही सांगितलं.

वार्सितीनं फडकं पिळून पुन्हा सातीच्या कपाळावर ठेवलं. मग म्हणाली, "तिकडं मी परक्या म्हाताऱ्याचं ढुंगण धूत होते म्बाक. साडेपाच वर्षं. फोनच्या काचेचे मुके घेत होते. आणि इथं एका बदकासाठी तू माझी पोर अडवून धरलीस?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"बाजार कधी आहे?"

"उद्या."

"मग जा की! बसलीस काय तोंड घेऊन?"

मी पहाटे उठून खाली उतरले आणि सगळ्यांत पांढरं बदक घेऊन आले. येईपर्यंत ताप उतरला होता. नर्स म्हणाली गोळ्यांनी, सुमार्नी म्हणाली बदकानं. मी दोघींना मान डोलावली.

जटा उतरवायचा दिवस कार्सो आजोबांनी काढला. गावातल्या सगळ्या जटा तेच कापतात. नव्वदीचे आहेत, एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं ते मर्जीप्रमाणं ऐकतात. स्नानघराच्या अंगणात चटया घातल्या, पिवळ्या भाताचा डोंगर रचला, लाल आणि पांढरी खीर ठेवली. सातीला मधोमध बसवून डोक्यावर पांढरं कापड घातलं. टोपलीत बदक ओरडत होतं. वाफ अंगणभर पसरली होती आणि माणसं तिच्यात कमरेपर्यंत बुडाल्यासारखी उभी होती.

आजोबांनी कात्री धूपावर धरली आणि विचारलं, "न्दुक, पोरी, काय मागतेस?"

सातीनं टोपलीकडं पाहिलं. "बदक मी सहा वर्षांची असताना हवं होतं."

लोक हसले. सुमार्नी म्हणाली, "घ्या! आता काय याचं कालवण करायचं?"

"गप गं," आजोबा म्हणाले. "कात्रीपुढं बोललेलं तेच खरं. आज काय मागतेस?"

साती कापडाखालून माझ्याकडं बघायला लागली. अगदी तशीच, बुडी मारायच्या आधी बघितलं होतं तशी. म्हणाली, "मी निरोप मागितला की बुधेनं 'जा' म्हणायचं. मोठ्यानं. तोंड फिरवायचं नाही."

आमच्याकडं निघणारा थोरल्यांचा निरोप मागतो आणि थोरल्यानं तो तोंडानं द्यावा लागतो. नुसती मान हलवून भागत नाही. दिला नाही तर निघणाऱ्याचा पाय उंबऱ्यातच अडकतो.

"पारिनेम," आजोबा म्हणाले, "ऐकलंस? दे."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते. मी गप्प राहिले असते तर मागणं पुरं झालं नसतं. मागणं पुरं झालं नसतं तर कात्री चालली नसती. साती माझीच राहिली असती, रीतीनं, गावाच्या देखत, आणि कुणाला ब्र काढता आला नसता. आणि गप्प राहण्यात तर माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

साती उठली. डोक्यावरचं कापड सांभाळत माझ्यापुढं आली, माझा हात घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाली, "बुधे, येते मी."

मी तोंड उघडलं. आवाजच आला नाही.

"ऐकू नाही आलं," आजोबा म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. ते शब्द नव्हते, नुसता घसा होता. माझं तोंड फिरायला लागलं होतं, ते मी ओढून पुन्हा तिच्याकडं आणलं. तेवढ्यात मागून वार्सिती म्हणाली, "म्बाक, नसेल जमत तर..." आणि पुढं तिलाही बोलवेना. माझ्या बहिणीच्या तोंडून ते ऐकलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्या जोरावरच आवाज फुटला.

"जा," मी म्हटलं. "जा माझे बाई. आईबरोबर जा."

इतक्या मोठ्यानं म्हटलं की कुंडातल्या बायका टॉवेल गुंडाळून बाहेर डोकावल्या. सातीनं माझा चेहरा नीट तपासला, दुकानात नाणं उलटसुलट करून बघतात तसा. मग जाऊन आपल्या जागेवर बसली आणि आजोबांना म्हणाली, "कापा."

एकेक जट वाडग्यात पडत गेली. शेवटची पडली तेव्हा वार्सिती रडत होती आणि मी वाकून बघत होते. चार वर्षं जटांखाली झाकलेली तिची मान उघडी पडली होती. इतकी बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं. एवढ्याशा मानेवर मी वर्षभर माझं गुपित वाहायला दिलं होतं, आणि तिनं ते तापात फणफणतानासुद्धा खाली ठेवलं नव्हतं.