जोदान आणि गेदान

मित्रांनो, माझ्या निळ्या पुठ्ठ्यावर ‘कराटे : जपानी शब्द’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. मी शंभर पानी वही. आता माझे कोपरे दुमडले आहेत, शिलाई उसवली आहे, आणि एका पानाला बारीक भोकही पडलं आहे. ते भोक कसं पडलं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे. सांगताना लाज वाटते, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

माझी मालकीण दिपमाला, शिंदखेड्याची, आठवीत शिकणारी. दर रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये किरण सर कराटे शिकवायचे. सर एकेक जपानी शब्द फळ्यावर मांडायचे आणि दिपमाला तो शिसपेन्सिलीने माझ्यात उतरवायची. शब्द डावीकडे, अर्थ उजवीकडे. रेई म्हणजे नमस्कार. हाजिमे म्हणजे सुरू करा. यामे म्हणजे थांबा. सर मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवायचे, “वही असावी तर अशी!” तेव्हा दिपमालाची मान ताठ व्हायची, आणि खरं सांगते, माझीही छाती फुगायची.

मग पावसाळा सरल्यावर डिंपल आमच्या शाळेत आणि कराटेच्या वर्गातही आली. ती नरडाण्याची. वडील तिथल्या कारखान्यात कामाला. रविवारी तिची एस.टी. दर वेळी उशिरा पोचायची, त्यामुळे सुरुवातीला होणारी शब्दांची उजळणी तिला कधी मिळालीच नाही. पण अंगात विलक्षण चपळाई! दिपमालाला जी लाथ जमायला सहा महिने लागले, ती डिंपलला तीन रविवारांत जमली. सर आता म्हणू लागले, “डिंपलचे पाय बघा, कसे जमिनीला धरून आहेत.” दिपमाला बघायची, आणि घरी जाऊन मला दप्तरातून काढायचीसुद्धा नाही.

हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेला दहा दिवस उरले. परीक्षक धुळ्याहून येणार होते आणि सगळ्या आज्ञा जपानीतच देणार होते. सर वर्गात सवयीने ‘वर’, ‘खाली’ म्हणून मोकळे व्हायचे, म्हणून डिंपल घाबरली. घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कारखान्यात जायचा, तेव्हा फोटो काढून नेण्याचीही सोय नव्हती. ती दिपमालाला म्हणाली, “तुनी वही दे ना माले. दोन दिनमां लिखीसन परत करसू.”

“उद्या देते,” दिपमाला म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने माझं अकरावं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, जोदान : वर, डोक्याकडे. त्याखाली, गेदान : खाली, कमरेखाली. ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने खोडरबर घेतला, दोन्ही अर्थ खोडले आणि वरचा खाली, खालचा वर लिहिला. बाकी एकाही शब्दाला हात लावला नाही. डिंपलचे थोडे गुण जावेत, परीक्षकांसमोर तिची फजिती व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं. पण मित्रांनो, तिचं सुवाच्य अक्षर माझ्या अंगावर होतं, आणि त्याच अक्षरावर सगळे विश्वास ठेवत होते. खोटं वागवणारी मीच होते.

डिंपलने मला दोन रात्री उशाशी ठेवलं. एकही काना-मात्रा न चुकता सगळं उतरवून घेतलं आणि मला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत दिलं. त्या कव्हराने मला जितकं टोचलं तितकं कशानेच टोचलं नाही.

परीक्षेच्या सकाळी हॉलच्या दाराशी तिने दिपमालाला गाठलं. “जोदान म्हंजे खालेच नं? माले वाटे सर एकदाव वर म्हनेत.”

अजून वेळ होता. एक शब्द पुरला असता. दिपमालाने पट्ट्याची गाठ पुन्हा आवळली आणि डिंपलकडे न बघता म्हणाली, “वहीत लिहिलंय ना, तेच.”

परीक्षकांनी जोड्या लावल्या. उंचीला सारख्या म्हणून दिपमाला आणि डिंपल समोरासमोर आल्या. दिपमालाने हल्ला करायचा, डिंपलने अडवायचा. परीक्षक ओरडले, “जोदान!” दिपमालाची मूठ चेहऱ्याच्या दिशेने सुटली. चेहऱ्याजवळ ती रोखायची, हे तिला ठाऊक होतं. पण खालचा वार अडवायला डिंपल झपकन पुढे वाकली आणि तिचं तोंडच मुठीवर आलं.

“यामे!” परीक्षक धावले. पांढऱ्या गणवेशावर रक्ताचे थेंब पडले होते. समोरचा एक दात अर्धा तुटला होता. सरांनी तिला दवाखान्यात नेलं. परीक्षकांनी तिच्या नावापुढे शेरा मारला : शब्द पाठ नाहीत. दिपमालाला हिरवा पट्टा मिळाला.

घरी आल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? अकरावं पान उघडलं, अर्थ पुन्हा खोडले आणि बरोबर लिहिले. खोडरबर इतका जोरात घासला की ‘वर’ या शब्दापाशी कागद फाटला. तेच ते भोक. मग तिने मला दप्तराच्या तळाशी कोंबलं. जेवायला मात्र ती उठली नाही.

पुढच्या रविवारी डिंपल आई ताईबाईंबरोबर आली. ओठ अजून सुजलेला होता. ताईबाई सरांना म्हणाल्या, “पोरनं चुकनं सर. ध्यान नही दिधं तिनी. पन तिले काढू नका.”

डिंपलने आपली वही आणली होती. तिने दिपमालाकडे मला मागितलं आणि दोघींची अकरावी पानं शेजारी शेजारी ठेवली. माझ्या पानावर सगळं बरोबर होतं. तिचा चेहरा उतरला.

“मनंच चुकनं,” ती हळूच म्हणाली. “मी उलटं लिखी लिधं.”

“नाही,” दिपमाला म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं : “तिने बरोबर उतरवलं होतं. मी वहीत मुद्दाम उलटं लिहिलं होतं. परीक्षेनंतर पुन्हा खोडलं.”

किरण सरांनी मला उचलून खिडकीशी धरलं. त्या दोन ओळींमधून ऊन आरपार येत होतं. सर रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. ते एवढंच म्हणाले, “पट्टा सोड.” दिपमालाने कमरेचा हिरवा पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला. ताईबाई तिच्याकडे वळल्या. “आवं पोरी, तिना दात गया व,” त्या म्हणाल्या.

डिंपलच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “तुनासंगे मी आते नही खेळाव,” ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

तीन महिन्यांनी दोघींनी पुन्हा परीक्षा दिली, वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. दोघी पास झाल्या. डिंपलच्या दातावर दिपमालाच्या आईवडिलांनी टोपी बसवून दिली, पण हसताना ती अजून ओठ मिटून घेते.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदाच आपणहून दिपमालाजवळ आली. “उशिरो म्हंजे काय वं?”

“मागे,” दिपमाला म्हणाली आणि मला उघडून तिच्यापुढे धरलं.

डिंपलने मान हलवली. मग ती सरांकडे गेली आणि तेच पुन्हा विचारून आली. दिपमालाला राग आला नाही. ती मला मांडीवर घेऊन वाट बघत बसली.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी वही मागितली, तर एक तर ‘नाही देत’ म्हणा, नाही तर खरी द्या. आम्हा वह्यांना तोंड नसतं. घेणाऱ्याला आम्ही ‘थांब’ म्हणू शकत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि तेही वेळ असेपर्यंत.