एका वाक्याचं काम

आरोपी तीनदा कठड्यात येऊन उभा राहिला आणि तीनदा परत गेला, पण न्यायाधीशाची खुर्ची काही भरली नाही. वकील झालेला मुलगा बाकावर बसून वहीत चित्रं काढत होता. नाटकाच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. शाळा सुटून पाऊण तास झाला होता. प्रयोग चार दिवसांवर आला होता आणि नेमकं मुख्य कामाचं घोडं अडलं होतं. शेवटी एका मुलीने खाली मान घालून सांगितलं, की जजसाहेब येणार नाही. तिच्या बाबांनी नाटक बंद केलंय.

सगळी शाळा आता त्या मुलीला जजसाहेबच म्हणत असे, इतकी ती भूमिका तिला चिकटली होती. बाईंनी तालीम सोडून दिली आणि पर्स उचलली.

अठ्ठावीस वर्षं त्या या शाळेत भूगोल शिकवत होत्या आणि शाळा सुटल्यावर नाटक बसवत होत्या. भूगोलाचा पगार मिळे, नाटकाची पाठदुखी. वर्षअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. घरी नवरा म्हणे, आता पुरे की, आणि त्याला उत्तर द्यायचाही त्यांना हल्ली कंटाळा येई. पालकांचे उंबरठे झिजवणं तर पाचवीलाच पुजलेलं. दरवर्षी कुणाचा तरी बाप आडवा येई, आणि मग बाई जाऊन सांगत, की नाटकाने मुलं धीट होतात, चार लोकांत उभं राहायला शिकतात. हे बोलणं त्यांना इतकं पाठ झालं होतं, की ते बोलताना मनात घरच्या भाजीचा विचार करता येई.

जजसाहेबांच्या बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. बाई आत शिरल्या तेव्हा तो दिव्याखाली एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होता. त्याने मान हलवून खुर्ची दाखवली. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा, लहान लहान होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता होता. बाईंनी पाठ केलेलं सगळं सांगितलं. तुमची मुलगी हुशार आहे, तिचं नुकसान करू नका, असं शेवटी जोडलं. त्याने स्क्रू बसवला, काच पुसली, फ्रेम डबीत ठेवली. मग म्हणाला,

"बाई, मी पो... पोस्टमन होतो."

बाईंना वाटलं, आधीची नोकरी सांगतोय.

"तुमच्या नाटकात. आठवीत असताना."

जुना विद्यार्थी म्हटलं, की एरवी बाईंच्या तोंडून 'अरे' सहज निघे. आज ते निघालं नाही.

अडखळत, पण न थांबता त्याने सगळं सांगितलं. त्याला एकच वाक्य होतं: पत्र आहे, घरात कोणी आहे का? घरी ते नीट येई. तालमीत 'प'वर गाडी अडायची. प्रयोगाच्या दोन दिवस आधी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, राहू दे तुझं वाक्य, नुसतं पत्र ठेव आणि जा, आपल्याला इथे मुक्काम करायचा नाहीये. अख्खं सभागृह हसलं. आईला त्याने हे सांगितलंच नव्हतं. ती कामावरून अर्धी रजा टाकून आली, पहिल्या रांगेत बसली, आणि तो पत्र ठेवून आत गेला तरी ती त्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिली. दहावीपर्यंत पोरं त्याला मुका पोस्टमन म्हणत.

बाईंना ते नाटक आठवलं. पुठ्ठ्याची टोपी आठवली, वाक्य तर त्यांनीच लिहिलेलं. तो मुलगा मात्र कितीही डोक्याला ताण दिला तरी आठवेना.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"ते मला माहीत होतं."

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. काल मुलीने घरी येऊन नाटकातल्या हवालदाराची नक्कल करून दाखवली. तो मुलगा वाक्य विसरला, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, तुझ्याआधी भिंत बोलेल.

"पोरं हसली. त्याचं काही नाही. पण माझी मु... मुलगीसुद्धा हसली, बाई. मला सांगतानाही हसत होती."

ही कालची गोष्ट बाईंना चांगली आठवत होती. अठ्ठावीस वर्षांत असं किती जणांना म्हटलं असेल? त्यांनी पर्स पोटाशी धरली.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मुलीला पाठवा, असं सांगायला आले होते. आता ते सांगत नाही."

तो दारापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी तालमीला बाईंनी हवालदाराला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की परवा मी बोलले ते वाईट होतं, मी तसं बोलायला नको होतं. मुलांना कुठे बघावं कळेना. हवालदाराने मान डोलावली आणि विचारलं, सुरू करू का? तिसऱ्या दिवशी जजसाहेब आली आणि थेट खुर्चीत बसली. तालमी आता लांबत होत्या, आणि बाईंच्या नाकी नऊ येत होते.

प्रयोग शनिवारी दुपारी झाला. जजसाहेबांनी काम झकास केलं, बाकीचं नाटक बेताचंच. मध्ये हवालदार अडला. लोक खोकले, कुणीतरी खुर्ची सरकवली. पडद्याआड बाईंच्या ओठांवर त्याचं वाक्य आलं होतं, ते त्यांनी तसंच गिळलं. बऱ्याच वेळाने त्याचं त्याला सापडलं.

सोमवारी परीक्षा असल्याने बाकं लगेच वर्गांत न्यायची होती. मुलं कौतुक करून घेण्यात गुंग होती. बाईंनी एका बाकाचं टोक उचललं, तर दुसरं टोकही उचललं गेलं. पलीकडे चष्मेवाला होता. तो कधी आला, कुठे बसला, त्यांनी पाहिलं नव्हतं. दोघांनी बाक उचलून व्हरांड्यातून नेलं. तो पुढे, बाई मागे. वर्गाच्या दाराशी तो थांबला आणि मागे वळला.

"सा... सा..."

बाई ओझं धरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते.

"सावकाश, बाई. पायरी आहे."

"हो," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी पाऊल उचललं.