प्रबंधावर नाव कुणाचं?

रविवारची सकाळ होती आणि घाटकोपरच्या भटवाडीतल्या घाडीगावकरांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. द्रौपदी जमिनीवर चौकटीचे कागद पसरून तोंडी परीक्षेची तयारी करत होती, आणि तिची आई शेवंती त्या कागदांना वळसा घालून स्टोव्हपर्यंत ये-जा करत होती. मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉम्प्युटरला मराठी नावं लिहायला आणि बाराखडीच्या क्रमानं लावायला शिकवायचं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. १९८७ साली हे सोपं नव्हतं. कॉलेजातल्या यंत्राला इंग्रजीखेरीज काही ठाऊक नव्हतं. एकेक अक्षर टिंबाटिंबांनी कागदावर काढायचं आणि मग ते त्याच्या गळी उतरवायचं. सगळ्यांत छळलं ते ‘द्रौ’नं. र जुळला की मात्रा उडायच्या, मात्रा आल्या की र गायब. स्वतःच्याच नावापायी पोरीनं डोकं फोडून घेतलं. ते अक्षर अखेर पडद्यावर धड उमटलं, तेव्हा ती आनंदानं रडली.

वैशाखात तिचं लग्न होतं. मुलुंडच्या राण्यांचा चंद्रप्रकाश बँकेत होता. राण्यांनी हुंडा नको म्हटलं, तेवढ्यावर चाळीनं त्यांना सुधारक ठरवून टाकलं. प्रबंध टाइप झाल्यावर चंद्रप्रकाशनंच तो बांधणीला नेला होता, आणि आज आईवडिलांना घेऊन तो परत द्यायला आला होता.

त्याच्या आईनं, कुंदाताईंनी, कौतुकानं प्रबंध द्रौपदीच्या हातात ठेवला. काळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं: सौ. रमा चंद्रप्रकाश राणे.

“रमा कोण?” द्रौपदीनं विचारलं.

“अगं, तूच! प्रबंध देशील तेव्हा लग्न झालेलं असेल ना? मग आमच्या घरचंच नाव हवं. आणि द्रौपदी हे नाव सुनेला नको बाई. घरात कटकटी होतात.”

“काकू, हे काम मी केलंय. रमानं नाही.”

“आतलं सगळं तुझंच आहे,” चंद्रप्रकाशचे वडील, श्यामसुंदरराव, समजुतीनं म्हणाले. “नुसतं वरचं पान बदललंय. कॉलेजात लग्नाचा दाखला जोडला की झालं.”

नुसतं वरचं पान! मुलाच्या नावाचं एक अक्षर चुकलं तर हीच माणसं बोर्डाच्या कचेरीत खेटे घालतात. मुलीचं नाव म्हणजे मात्र पाटीवरचा खडू, कुणीही यावं आणि पुसावं.

द्रौपदी चंद्रप्रकाशकडे वळली. “तुला माहीत होतं?”

“एवढं काय मनाला लावून घेतेस यार? रमा सोपं आहे ना.”

“लग्नानंतर तुझं नाव काय होणार?”

“माझं? माझं कशाला बदलेल?”

“मग माझं कशाला बदलेल?”

कुंदाताईंचा चेहरा उतरला. श्यामसुंदरराव द्रौपदीच्या वडिलांकडे, गुणाजीकडे, वळले. “घाडीगावकर, मुलीला समजवा. हा हट्ट असेल तर लग्न होणार नाही.”

गुणाजीची गिरणी संपात गेली होती. आता तो एका सोसायटीत वॉचमन होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यानं मान खाली घातली. “बाय, नावच तां. तुझ्या आवशीचा पण बदललेला. काय झाला तिका?”

शेवंतीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

“काय झाला, ता तुमी कधी इचारल्यात?” ती म्हणाली. “माझा नाव वनमाला होता. माझो बापूस गेलो, तेव्हापासून त्या नावान माका कोणी हाक मारूक नाय. ह्या पोरीक पण ठावक नाय. तुमच्या आवशीचा नाव पोरीक ठेवल्यात, तेव्हा माका बरा वाटला. आता तां पण पुसतात?”

 जिच्या हातचं खाऊन द्रौपदी मोठी झाली, तिचं नाव ती आज पहिल्यांदा ऐकत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

द्रौपदी हे गुणाजीच्या आईचं नाव होतं. तो उठून उभा राहिला. “राणेसाहेब, चाय घेवा आणि येवा तुमी. माझ्या आवशीचा नाव पुसून माका ह्या लगीन नको.”

चहा कुणी घेतला नाही. दारात काहीतरी बोलायला थांबलेल्या चंद्रप्रकाशनं आईकडे बघितलं आणि चपला घालून तो निघून गेला.

चाळ तोंडाला येईल ते बोलली. द्रौपदीनं विळी घेतली, प्रबंधाचा पुठ्ठा उतरवला, वरचं पान काढलं आणि पहिलं पान स्वतःच्या हातानं लिहिलं: द्रौपदी गुणाजी घाडीगावकर. त्यामागे अर्पणाचं एक पान लावलं आणि सगळं सुईदोऱ्यानं शिवलं.

तोंडी परीक्षेला तिच्या मार्गदर्शकांनी, विद्याधर सरांनी, तो विनापुठ्ठ्याचा गठ्ठा उघडला. अर्पणाच्या पानावर ते थांबले.

“ही वनमाला कोण?”

“माझी आई.”

“तुझ्या लग्नपत्रिकेत तर शेवंती होतं.”

“ते तिला लग्नात चिकटवलेलं, सर. हे तिचं आहे.”

पुढच्या प्रश्नासाठी सरांनी पान उलटलं, पण ते पुन्हा अर्पणाच्याच पानावर आले. त्यांच्या पत्नीला सगळे नीला म्हणत. लग्नाआधी तिला काय म्हणत, हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.

वाचकहो, तुम्हाला आठवतं का?