पुलावर सातशे

साल एकोणीसशे शहाण्णव. डोंगराखालच्या पॅराग्लायडिंग शाळेला एक शिक्षक नेमायचा होता आणि उमेदवार उरले होते दोनच: पैलवान आणि चिमणी.

चिमणीची आई शाळेच्या शेडमध्ये पॅराग्लायडरचे कापडी पंख दुरुस्त करायची. फाटलेलं कापड जोडायची, प्रत्येक दोरीला पाच किलोचं वजन टांगून तिची लांबी मोजायची. सगळे तिला सुईमावशी म्हणत. वीस वर्षांच्या शिवणकामात तिची एक शिवण उसवली नव्हती. त्याचा तिला ताठा होता, आणि तो शोभायचाही.

परीक्षा सोपी वाटावी अशी होती. डोंगरावरून उडायचं, नदीचा पूल ओलांडायचा, पलीकडे चार किलोमीटरवरच्या गिरणीच्या मैदानात उतरायचं. आदल्या संध्याकाळी मायलेकींनी कागदावर हिशेब मांडला. पंख एक मीटर खाली येताना सात मीटर पुढे जातो. म्हणजे शांत हवेत पावणेसहाशे मीटर उंची पुरे. समोरचा वारा धरून वर सव्वाशे.

"पुलावर सातशे," चिमणी म्हणाली. "नसले तर मागे. आई, शिवून टाक. वर गेलं की माणूस स्वतःशीच घासाघीस करतं."

मावशीने पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्याने ते शब्द शिवले आणि पट्टी चिमणीच्या छातीवरच्या पट्ट्याला टाचली.

सकाळी आधी पैलवान गेला. रेडिओवर त्याचा आवाज आला, "पूल! सहाशे साठ! जातोच!" आणि गेलाही. गिरणीजवळच्या झाडांचे शेंडे बुटांना घासले म्हणे, पण उतरला मैदानातच. इकडे शाळेच्या मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी मावशीला डिवचलं, "आता काय करणार तुमची चिमणी?"

शाळेचे मास्तर दुर्बीण लावून बसले होते, म्हणून रेडिओ मावशीच्या हातात होता.

"पूल," चिमणीचा आवाज आला. "सहाशे ऐंशी."

मावशीच्या मनात काय आलं देव जाणे. अंगठा आपसूक बटणावर गेला आणि तोंडून निघून गेलं, "जा ग बाई! वीसच तर मीटर!"

सगळ्यांनी ऐकलं. आभाळातही ऐकू गेलं. रेडिओ खरखरला.

"नाही आई. मागे येते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मावशीने रेडिओ मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि हात पदरात लपवले. लेकीची नोकरी गेली हे दुःख होतंच. पण स्वतःच शिवलेलं स्वतःच उसवायला निघालो, ही लाज मोठी होती.

वारा आता पाठीशी होता. चिमणी घाई न करता आली, शाळेच्या मैदानाच्या कडेला दोन वळणं घेऊन उंची उतरवली, वाऱ्याला तोंड दिलं आणि जिना उतरावा तशी दोन पावलं टाकून उभी राहिली. पंख गोळा करता करता म्हणाली, "वर हवा खडबडीत आहे मास्तर. दुपारी पोरांना सोडू नका."

मावशी पुढे झाली. "माझं चुकलं ग."

"तुझं कसलं चुकलं? तू आई म्हणून बोललीस. पट्टी तू शिवणारीण म्हणून शिवलीस." चिमणी हसली. "मी शिवणारणीचं ऐकलं."

मास्तरांनी दुर्बीण मिटली. "पैलवान उडतो झकास. पण मला शिकवणारा हवाय. जिने हवेतून आईला नाही म्हटलं, ती उद्या हट्टी पोरांना, त्यांच्या बापांनाही नाही म्हणेल. उद्यापासून ये."

तेव्हा मावशीने मान वर केली. तशी ताठ मान तिची तिच्या लग्नातही नव्हती, असं तिची बहीण सांगायची.

पैलवान महिनाभर रुसला. मग चिमणीच्याच हाताखाली पुन्हा शिकायला आला आणि पुढे दुसऱ्या डोंगरावर स्वतःची शाळा काढली. मास्तर म्हातारपणी घरच्या अंथरुणात गेले; पायलटाला आणखी काय हवं? चिमणीने सत्तावीस वर्षं शिकवलं, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा थांबली.

मावशी ऐंशीच्या पुढे जगली. नजर गेली तरी सुई सुटली नाही. दोरा नात ओवून द्यायची. नवा विद्यार्थी आला की त्याने आपला आकडा सांगायचा आणि मावशीने तो शिवायचा. पट्टी हातात देताना ती बजावायची, "वर गेल्यावर कोणाचं ऐकू नकोस. माझंसुद्धा."